चेटकिणी फक्त युरोपातच जाळल्या म्हणे!

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. चर्चने 90 लाख बायका चेटकीण म्हणून जाळल्या, अमेरिकेत सालेमलाही जाळल्या, आणि आपल्या संस्कृतीत असलं कधीच नव्हतं.

90 लाखांचं आधी उरकते. हा आकडा 18व्या शतकात फोइग्ट नावाच्या जर्मन माणसाने काढला, क्वेडलिनबर्ग या एका गावच्या थोड्याशा खटल्यांवरून अख्ख्या युरोपचा हिशोब मांडून. कोर्टाची कागदपत्रं तपासलेले इतिहासकार आज 40 ते 60 हजारांच्या आसपास सांगतात, आणि त्यातले कितीतरी खटले चर्चच्या नाही, सरकारी कोर्टात चालले. सालेमला 1692 साली 19 जणांना फाशी दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं, जाळलं कोणालाच नाही. मेलेल्यांत बायका जास्त होत्या, एवढं मात्र बरोबर आहे, मान्य.

पण संताप येतो तो शेवटच्या वाक्याचा. कधीच नव्हतं? झारखंडच्या छुटनी महतोंना 1995 साली डायन ठरवलं, कारण काय तर शेजारची मुलगी आजारी पडली, मग मारहाण, विष्ठा पाजायचा प्रयत्न, शेवटी पोरांना घेऊन गाव सोडून पळावं लागलं. पुढे त्यांनी अशाच बायकांना सोडवायचं काम उभं केलं आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

आणि झारखंड लांब वाटत असेल तर आपल्या नंदुरबारकडे बघा, सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या येतच असतात. पोर तापाने फणफणलं की भगताकडे जायचं, तो नाव घेणार, आणि नाव बऱ्याचदा एखाद्या विधवेचं, जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो.

दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 मध्ये आपल्याकडे जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्याची अनुसूची वाचा एकदा. अमका करणी करतो, मंत्राने गुराचं दूध आटवतो असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं, चेटूक केलं म्हणून मारहाण करणं, नागडं करून धिंड काढणं, हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलंय. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. जे कधी घडलंच नाही त्यासाठी विधानसभेने कायदा केला असं म्हणायचंय का तुम्हाला?