घडीचे दार आणि ‘काही होत नाही ताई’

नागपुरात नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हल्ली बैठकीच्या बाहेरच्या भिंतीऐवजी काचेचे घडीचे दार, म्हणजे पल्ले एकमेकांवर दुमडत बाजूला सरकणारे दार, हवे असते, आणि ते विकणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की याला काहीही करावे लागत नाही, फक्त ओले फडके फिरवायचे. हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. बारा महिने ऊन, धूळ आणि पाऊस झेलणाऱ्या, चाकांवर सरकणाऱ्या पाच पल्ल्यांच्या दाराला काही करावे लागत नाही असे जो सांगतो, त्याने ते स्वतःच्या घरी कधी लावलेले नाही, हे उघड आहे.

आपल्या शहराचे हवामान कसे आहे, हे विकणाऱ्यांना ठाऊक नसते असेही नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पश्चिमेकडची गडद रंगाची चौकट त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि जानेवारीच्या पहाटे तीच चौकट हाताला बर्फासारखी गार लागते. तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी 50 अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. म्हणजे हिवाळ्यात फटी न सोडता चापून बसवलेले दार उन्हाळ्यात अडणार, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. त्यात आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर ओट्याची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते आणि फरशीत बसवलेला खालचा ट्रॅक, म्हणजे चाकांचा रूळही. दार का घासते, असे विचारले की मिस्त्री वरच्या बिजागरीकडे बघतो. फरशीवर लेव्हल, म्हणजे पातळी तपासायची पट्टी, ठेवून पाहणारा मला अजून भेटायचा आहे.

धुळीबद्दल तर बोलायलाच नको. शहरभर सिमेंटच्या रस्त्यांची कामे निघालेली असतात, मनीषनगर-बेसा भागात शेजारच्या प्लॉटवर कोणाचे ना कोणाचे बांधकाम चालू असते, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या वाट्याला राखही येते. ही बारीक पूड खालच्या ट्रॅकमध्ये साचते, आणि पल्ल्याचे सारे वजन पेलणारे चाक तिच्यावरून फिरले की चाकही झिजते आणि रूळही. वरच्या पट्टीला टांगलेल्या दारांत खाली नुसती वाट दाखवणारी खाच असते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी होतो. पण आपल्याकडे लोकांच्या गळ्यात सर्रास खालच्या चाकांचे दार मारले जाते, कारण वर टांगायचे म्हणजे बीम तेवढा भक्कम हवा, आणि तो विचार घर बांधताना करावा लागतो.

आता त्या तेलाच्या बाटलीविषयी. दार जड चालते अशी तक्रार केली की येणारा माणूस ट्रॅककडे नीट न पाहता पिशवीतून तेल काढतो आणि रुळात धार सोडतो. ‘काही होत नाही ताई, थोडं तेल टाकून देऊ, एकदम मक्खन चालते.’ चालते, दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून उडत येणारा प्रत्येक कण त्या तेलाला चिकटतो आणि आठवडाभरात रुळात काळा, दाट, खरखरीत चिखल तयार होतो. हा चिखल कापडाने निघत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने कोपरे कोरत बसावे लागते, आणि बसायचे कोणी, तर ज्याच्या घरी दार आहे त्याने. वास्तविक रूळ कोरडा आणि स्वच्छ असावा. आधी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा कोरड्या ब्रशने धूळ काढायची, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि गरज असेल तिथे, म्हणजे चाकाच्या आसाला आणि बिजागरीला, सिलिकॉनचा कोरडा स्प्रे अगदी थोडा मारून वरचा पुसून घ्यायचा. एवढी साधी गोष्ट बसवून देतानाच्या अर्ध्या तासात सांगता आली असती. त्याऐवजी शेवटचा हप्ता घेताना मला पेढे देण्यात आले.

याहून मोठा पराक्रम पाणी निचऱ्याच्या भोकांचा आहे. खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही लहान चिरा असतात. पावसाचे पाणी ट्रॅकमध्ये शिरले की ते त्यांतून बाहेर जावे, एवढेच त्यांचे काम. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत आले, आम्ही तक्रार केली, आणि आलेल्या गृहस्थांनी त्या चिराच सिलिकॉन भरून बंद केल्या, कारण त्यांच्या मते पाणी ‘इथूनच घुसत होतं’. पुढच्या पावसात ट्रॅक हौदासारखा भरला आणि पाणी थेट बैठकीत वाहिले, सतरंजीसकट. नेलकटरच्या टोकाने ते सिलिकॉन उकरताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पावसाळा लागण्यापूर्वी मृगाच्या सुमारास या चिरा साफ करून त्यांत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही हे पाहणे, ही या दाराची सर्वांत महत्त्वाची देखभाल आहे, आणि तिचा उल्लेख मी पाहिलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

ॲसिडवाल्यांनी तर कहरच केलेला आहे. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी बांधकामाच्या शेवटी जे ॲसिड ओतले जाते, त्याचे शिंतोडे चौकटीच्या पावडर कोटिंगवर, म्हणजे भाजून पक्क्या केलेल्या रंगावर, आणि स्टीलच्या चाकांवर उडतात. कोटिंग डागाळते आणि स्टेनलेस म्हणून विकलेले चाकही तांबूस ठिपके धरते. ओले सिमेंटही ॲल्युमिनियम खाते, त्यामुळे गवंड्याने प्लास्टर करताना दारावर प्लास्टिक बांधणे सक्तीचे असायला हवे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले तर पाण्यात मिसळलेला व्हिनेगर काचेपुरता लावून लगेच धुवावा, पण दुकानदार हातात देतो ती संडास साफ करायची बाटली, आणि ती ब्लीचिंगच्या द्रवात मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे त्या बाटलीवर छापलेले असूनही कोणी वाचत नाही. रबरी पट्टीला थिनर लावणाऱ्यांविषयी मी वेगळे काही लिहीत नाही.

मात्र माझा खरा राग इथे आहे, की हे दार साफ करताना जीव धोक्यात घालावा लागतो आणि तो कोणाचा, हे सर्वांना माहीत आहे. पहिल्या मजल्याच्या सज्जावर, कठड्याला पाय लावून, प्लास्टिकच्या स्टुलावर चढून बाहेरची काच पुसणाऱ्या मावशी मी आमच्याच गल्लीत पाहिल्या आहेत आणि मालकीणबाई आतून ‘वरचा कोपरा राहिला’ असे सांगत होत्या. घडीच्या दाराची सोय हीच आहे की बहुतेक पल्ले दुमडले की त्यांची बाहेरची बाजू आतूनच हाताशी येते. ज्या पल्ल्याची येत नाही त्याला लांब दांड्याचा पुसणा आहे. सज्जावर चढायला लावणे हा निव्वळ आळस आहे, आणि तोही दुसऱ्याच्या हाडांच्या भरवशावर.

दुमडतानाही भान हवे. काचेचे वजन एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असते. आठ मिलिमीटर जाडीचा, दोन चौरस मीटरचा पल्ला म्हणजे निव्वळ काच चाळीस किलो, चौकट वेगळी. एवढे ओझे मिटताना दोन पल्ल्यांच्या बिजागरीच्या फटीत मुलाची बोटे सापडली तर काय होईल, हे सांगायला नको. त्यामुळे पुसताना एकाने पल्ला धरावा, मुले बाजूला असावीत आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंधड सुटण्याची चिन्हे दिसली की दार एकतर पूर्ण बंद करून कडी लावावी किंवा पूर्ण उघडून हुकात अडकवावे. अर्धवट उघडे ठेवलेले दार वाऱ्याच्या एका झोताने आपटते. आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारण्याची हौस कोणी करू नये. साधी, न टणकावलेली (‘टफन’ न केलेली) काच तडकू शकते, आणि टणकावलेली असली तरी पाणी क्षणात सुकून डाग पडतात. तुमच्या दाराची काच कोणती आहे हे बघायचे असेल तर कोपऱ्यावरचा छापील शिक्का शोधा. आमच्या काचेवर तो नव्हता, आणि विचारल्यावर ‘टफनच आहे ना ताई’ असे उत्तर मिळाले.

गेल्या आठवड्यात त्याच गृहस्थांनी चाके संपली, पूर्ण ट्रॅक बदलावा लागेल, असे फोनवरून सांगून टाकले आणि आकडा ऐकवला. चाकाची कंपनी कोणती, मॉडेल नंबर काय, सुटे चाक इतवारीच्या बाजारात मिळते का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि बिलावर नुसते ‘फोल्डिंग दार, एक नग’ असे लिहिलेले आहे. चाकाचे नाव आणि ट्रॅकचे माप लेखी आल्याशिवाय एक रुपयाही मिळणार नाही, असे मी त्यांना कळवले आहे. त्यावर त्यांचा मेसेज आला की ‘ताई, तोपर्यंत थोडं तेल टाकून घ्या’.