गुडघा डावाच आहे, साहेब

अकरा महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात तीन ओळी. दारव्हा तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदाराच्या डिसेबिलिटी पेन्शनच्या अर्जाला हे उत्तर आहे. हॉस्पिटलच्या कागदावर डावा गुडघा लिहिलाय, निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर उजवा, सबब कागदपत्रांत तफावत आढळते. तफावत दूर करून मूळ पुराव्यासह अर्ज पुन्हा सादर करावा. खाली सही, तीही कुणाच्या तरी 'करिता'.

तफावत कोणी दूर करायची? ज्यानं या दोन्हीपैकी एकही कागद लिहिला नाही, त्यानं! हॉस्पिटल फौजेचं. डॉक्टर फौजेचा, बोर्ड फौजेचा, टाइप करणारा क्लर्क फौजेचा, आणि कागद ठेवलेत तेही फौजेच्याच रेकॉर्ड ऑफिसात. इंग्रजीत 'एलटी' लिहायचं तिथं 'आरटी' पडलंय. एक अक्षर. दोन्ही कागद एकाच फाइलीत एकमेकांवर टाचलेले आहेत. ज्याला तफावत दिसली, त्याला खरं कोणतं हेही त्याच फाइलीत दिसलं असतं. पान उलटायचे कष्ट नकोत, म्हणून माणूस पुन्हा अकरा महिने मागं ढकलला.

आणि खरं काय ते बघायला फाइलसुद्धा लागत नाही. पँट वर करा. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला चार बोटं लांब व्रण आहे, मधोमध पांढरा, आणि दोन्ही बाजूंनी टाक्यांचे ठिपके एक-एक करून मोजता येतात. उजवा गुडघा कोरा करकरीत. शिवाय इंजुरी रिपोर्ट आहे, आयएएफवाय-२००६, कार्बनची तिसरी प्रत. शाई फुटलेली, घडीवर चिरलेली, मागून चिकटपट्टी मारलेली, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. पण त्या प्रतीवरही 'लेफ्ट नी' पूर्ण शब्दांत वाचता येतं. हवालदार एवढंच म्हणाला, "पाय माया हाय, अन् कोन्ता पाय हाय ते मीच सिद्ध करू काय?"

टायपिंगची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्या एका अक्षरावर पुढचं सगळं कोसळलंय. बोर्डानं उजवा गुडघा धरला. मग उजव्या गुडघ्याचा इंजुरी रिपोर्ट शोधला. तो मिळणार कुठून? म्हणून शेरा मारला की अपंगत्व नोकरीमुळे आलेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. याचंच इंग्रजी लघुरूप एनएएनए. ही चार अक्षरं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत. एएफएमएसएफ-१६ फॉर्मात बोर्डाचं मत असतं त्या पानावरचे रकाने बघा. कॉम्पोझिट असेसमेंट २० टक्के, मुदत आयुष्यभर. आणि त्याच्याच पुढं नेट असेसमेंट क्वालिफाइंग फॉर डिसेबिलिटी पेन्शन: निल. गुडघा २० टक्के गेलाय हे बोर्डाला मान्य आहे, तो आता सुधारणार नाही हेही मान्य आहे. त्याचे पैसे मात्र शून्य.

हा 'निल' लोकांच्या लक्षातच येत नाही. घरी येऊन सांगतात, मला २० टक्के लागलेत. पेन्शन सुरू होते, त्यात डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाचा भाग, नसतो, आणि तरी दोन-दोन वर्षं वाटत राहतं की मागून येईल. ते मागून येत नसतं. ज्या दिवशी बोर्डानं 'निल' लिहिलं त्याच दिवशी ते संपलेलं असतं, आणि नामंजुरीचं पत्र निघाल्यापासून पहिल्या अपिलाचे सहा महिने सुरू झालेले असतात.

पैसे किती ते सांगतो, म्हणजे राग कशाचा आहे ते कळेल. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. बेसिक आणि एमएसपी, म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे, धरून पगार ४०,००० असेल तर १२,०००. २० टक्क्यांचे झाले २,४००. पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यापुढं १००, असा ब्रॉड बँडिंगचा नियम आहे. तो लागला की २,४०० चे ६,००० होतात, वर महागाई भत्ता. आधी सरकार म्हणायचं, हे फक्त फौजेनं मेडिकलवर घरी पाठवलेल्यांना. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं राम अवतार प्रकरणात सांगितलं की नोकरी पुरी करून आलेल्यालाही द्यायचं. त्यानंतरही हजारो जणांना तेवढ्यासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलची, म्हणजे फौजेच्या प्रकरणांच्या न्यायाधिकरणाची, पायरी चढावी लागली. महिन्याचे सहा हजार ज्याला लहान वाटतात त्यानं कोरडवाहू चार एकरांवर एक हंगाम काढून बघावा. गुडघा वाकत नसेल तर कापूस वेचता येत नाही, पाठीवर पंप घेऊन फवारणी करता येत नाही. मजूर लावावा लागतो आणि त्याची मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते.

पुराव्याचं ओझं कोणावर हेही कोर्टानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, नंतरचा बिघाड नोकरीमुळे झाला असं धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. याच गुडघ्यांवर भरतीला १६०० मीटर पळवून घेतलं होतं ना? मग आता पुरावा कसला मागता?

आणि हा काही एकट्या गुडघ्याचा विषय नाही. नावाचं बघा. आपल्याकडं आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. भरतीच्या दिवशी परप्रांतातल्या क्लर्कनं कधी बापाचं नाव आडनाव केलं, कधी आडनाव गाळलं, कधी 'ळ' चा 'ल' करून स्पेलिंग ठोकलं. अठरा वर्षांच्या पोरानं तिथं काय बोलायचं होतं? पुढं आधार, पॅन, बँक सगळं गावाकडच्या नावानं निघालं, आणि फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीवर पेन्शन गेल्यावर दोन नावं जुळेनात. जन्मतारखेचं तेच. मास्तरनं शाळेत १ जून टाकली, आधारवाल्यानं वर्ष ऐकून १ जानेवारी टाकली. बायकोचं तर विचारूच नका. लग्नात नाव बदलायची आपली रीत, पण पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या दप्तरातली अधिकृत नोंद, माहेरच्या नावानं पडलेली. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या वेळी त्या बाईला सिद्ध करावं लागतं की लताबाई ती हीच. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार, आणि तेही सुतकात. हे काम नवरा जिवंत असताना उरकून घ्या. आजच.

स्पर्शचा ओटीपी जातो तो दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मोबाइलवर. तो नंबर बदलायला तालुक्याच्या सीएससीत, म्हणजे सेवा केंद्रात, जा, नाहीतर जिल्ह्याला, नाहीतर थेट नागपूरला. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर पडतं, हे लक्षात घेऊन कोणती पद्धत बसवली होती? नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, पण केंद्रवाला ते सांगत नाही, पुढच्या आठवड्यात या म्हणतो.

युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, वेगळाच घोळ. ते सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं, २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं, आणि बहुतेक सवलतींना तिथं ४० टक्के लागतात. फौजेचे टक्के तिथं चालत नाहीत, तिथलं कार्ड दाखवून फौजेची पेन्शन लागत नाही. एकच माणूस, एकच पाय, दोन बोर्डं, दोन आकडे, आणि दोन्ही आकडे सरकारी.

आता कामाचं बोलू. हॉस्पिटलात जुने कागद मागायला गेलं की उत्तर मिळतं, मुदत संपली, नष्ट केले. ऐकून घरी येऊ नका. केसशीट गेली असेल तरी तीच नोंद दुसरीकडं असते. दाखल झाल्याची आणि डिस्चार्जची पार्ट टू ऑर्डर निघालेली असते. हॉस्पिटलचं ए अँड डी बुक, म्हणजे दाखल-डिस्चार्जचं रजिस्टर, असतं. मेडिकल कॅटेगरी खाली आली तेव्हाच्या मेडिकल बोर्डाचे कागद असतात, त्यात शेप-वनवरून, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तवरून, खालच्या ए-टू किंवा ए-थ्रीत कधी टाकलं आणि कोणत्या पायामुळे टाकलं ते लिहिलेलं असतं. आपल्या हवालदाराच्या फाइलीत कॅटेगरीच्या बोर्डाचे दोन कागद आहेत आणि दोन्हींवर डावाच गुडघा आहे. उजवा फक्त शेवटच्या एका कागदावर उगवला.

हे कागद रेकॉर्ड ऑफिसातून मागवायचे. आपलं रेकॉर्ड कुठं ते बघा: महारचं सागरला, गार्ड्सचं कामठीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत. 'माझी सगळी मेडिकल कागदपत्रं द्या' असं मोघम लिहू नका, मोघम उत्तर येतं. भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, कॅटेगरीचे सगळे बोर्ड तारखेनिशी, इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिचा निष्कर्ष, आणि रिलीज मेडिकल बोर्ड सगळ्या भागांसह, असं एकेक नाव घालून साक्षांकित प्रत मागा. आर्मी नंबर, हुद्दा, नाव अगदी डिस्चार्ज बुकात आहे तसंच. ते चुकीचं असलं तरी तसंच, आणि कंसात आजचं नाव. भरतीचा फॉर्म लोक मागायचा विसरतात, आणि केस तर त्याच कागदावर उभी राहते.

प्रती हातात आल्या की दुरुस्तीचा अर्ज वेगळा आणि अपील वेगळं करा. दोन्ही एका कागदात कोंबलं की रेकॉर्डवाले म्हणतात हे अपिलात बघतील, अपीलवाले म्हणतात आधी रेकॉर्ड सुधारून आणा. दुरुस्तीच्या अर्जात रडगाणं नको. अमुक पानावर अमुक रकान्यात 'आरटी' आहे, अमुक तारखेच्या अमुक तीन कागदांवर 'एलटी' आहे, लेखनिक चूक सुधारून द्यावी, बस. पण दुरुस्तीची वाट बघत अपिलाचे सहा महिने घालवायचे नाहीत. ते मुदतीतच टाका, सोबत दुरुस्तीच्या अर्जाची प्रत आणि स्पीड पोस्टाची पावती. पहिलं फेटाळलं तर दुसरं, मग ट्रिब्युनल. आपल्याला मुंबईचं खंडपीठ.

जे अजून नोकरीत आहेत त्या पोरांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. बोर्डाच्या कागदावर सही करण्याआधी पान उलटा. घरी जायची घाई असते, ट्रंका बांधलेल्या असतात, क्लर्क बोट ठेवतो तिथं सही होते. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं, आणि 'हा त्रास भरतीआधी होता का' असा प्रश्न असतो. ते उत्तर स्वतःच्या हातानं लिहा. कोणती बाजू लिहिलीय ते बघा. टक्के २० आहेत की १५ ते १९, ते बघा. १९ आणि २० मध्ये एका टक्क्याचं अंतर दिसतं, पण नोकरी पुरी करून येणाऱ्याची डिसेबिलिटी पेन्शन त्या एका टक्क्यावर जाते. मेडिकलवर मुदतीआधी घरी पाठवलेल्यांसाठी २०१४ साली सुखविंदर सिंग प्रकरणात कोर्टानं म्हटलं की त्यांचं अपंगत्व २० च्या वर आहे असंच धरावं. तेही मागावंच लागतं.

व्हाट्सअपवर फिरणाऱ्या पत्रकांनी आणखी वाटोळं केलंय. २१ सप्टेंबर २०२३ पासून डिसेबिलिटी पेन्शनचे नवे नियम लागू झाले. ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांचे, पण २००९ साली घरी आलेला माणूसही तेच वाचून 'आता काही मिळत नाही' म्हणून गप्प बसतो. आणि पारावर बसून 'बीपी-शुगरची पेन्शन खातात' म्हणणाऱ्यांनी एकदा या हवालदाराबरोबर धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, पिकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत चालून यावं. तो उतारावर आडवा पाय टाकत उतरतो.

सगळ्यात जास्त संताप येतो तो उशिराचा. थकबाकी बहुतेक प्रकरणांत केस दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हाच पायंडा आहे. म्हणजे ऑफिसनं अकरा महिने खाल्ले, ते याच्या खिशातून गेले. चूक करणाऱ्याचा एक रुपया जात नाही, त्याचं नावही कुठं येत नाही.

सोमवारी टपाल निघेल. तीन कागदांच्या साक्षांकित प्रती, दुरुस्तीचा अर्ज, अपील, आणि सरकारी हॉस्पिटलातून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे. मागितलेला नसला तरी लावायचा. आणि फिल्म हातात घेतल्यावर आधी कोपऱ्यात शिशाचा 'एल' कोणत्या गुडघ्यावर उमटलाय ते बघायचं. टेक्निशियननं घाईत उलटा ठेवला असेल तर तिथंच उभं राहून दुसरा काढून घ्यायचा.