फॉर्मिक अ‍ॅसिडमधून 'फुकट' हायड्रोजन? जरा थांबा

एक दावा खूप फिरतोय: टाकीत फॉर्मिक अ‍ॅसिड ओता, त्यातून हायड्रोजन निघतो, फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणात) वीज होते, बाहेर फक्त पाणी, आणि हे अ‍ॅसिड मुंग्यांमध्येही असतं म्हणजे जवळपास फुकटच. व्हिनेगरही चालतं म्हणे. यातलं निम्मं खरं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं, कारण या विषयात लोकांनी खरंच वर्षानुवर्षं मेहनत घेतलीय.

"फक्त पाणी बाहेर पडतं." नाही. अ‍ॅसिड फुटलं की हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचाही एक रेणू निघतो, वजनात मोजलं तर 1 किलो हायड्रोजनमागे 22 किलो.

"मुंग्यांचं अ‍ॅसिड, म्हणून नैसर्गिक." मुंग्या पिळून कोणी कारखाना चालवत नाही हो. आज बहुतेक फॉर्मिक अ‍ॅसिड मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनतं आणि हे दोन्ही मुख्यतः नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातून येतात, म्हणजे अ‍ॅसिड हा ऊर्जेचा झरा नाही, हायड्रोजन ठेवायचा डबा आहे, आणि डबा आधी भरावा लागतो. हवेतला किंवा चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडून हरित हायड्रोजनने (सौर-पवन अशा स्वच्छ विजेवर बनवलेल्या) तो भरला तरच हिशोब जुळतो.

"पेट्रोलपेक्षा दमदार." 1 लिटर अ‍ॅसिडमध्ये साधारण 53 ग्रॅम हायड्रोजन मावतो, हे 700 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 700 पट) दाबाच्या हायड्रोजन टाकीपेक्षाही जास्त आहे आणि तेही साध्या दाबावर, याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ऊर्जा काढली तर लिटरला पावणेदोन युनिटच्या (किलोवॅट-तास) आसपास, पेट्रोलमध्ये लिटरला नऊच्या आसपास. फ्युएल सेल इंजिनापेक्षा कार्यक्षम असतो हे धरलं तरी एवढी दरी भरत नाही.

"आपोआप फुटतं." कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रिया घडवणारा पदार्थ, लागतो. बेलर आणि लॉरेन्झी या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी 2008 मध्ये रुथेनियम हा महाग धातू वापरून हे करून दाखवलं, मग 2011 मध्ये स्वस्त लोखंडावर. आणि कॅटॅलिस्ट चुकीचा निवडला तर हायड्रोजनऐवजी पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो दहा लाखात 10 भाग असला तरी कमी तापमानाच्या सेलमधलं प्लॅटिनम निकामी व्हायला लागतं! दाव्यात याचा साधा उल्लेखही नाही.

व्हिनेगरचं तर पूर्ण चूक. त्यात 5 टक्क्यांच्या आसपासच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, बाकी पाणी, आणि ते फॉर्मिकसारखं सरळ फुटतही नाही. धातू टाकून जे बुडबुडे दाखवतात त्यात धातूच खर्च होतो. बॅक्टेरियांच्या मदतीने अ‍ॅसिटेटमधून (अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या क्षारातून) हायड्रोजन काढता येतो, पाणी फोडण्यापेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजवर, पण तेवढी वीज बाहेरून द्यावीच लागते.