कितीची गाडी?

लग्न होऊन पुण्यात आल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "जरा गाडीने जाऊन कोथिंबीर घेऊन येतेस का?"

मी हात पुसत विचारलं, "कितीची आहे?"

"दहाची मिळाली तर बघ," त्या म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ चाळीस झाले होते. केस विंचरून, चप्पल शोधून दहाची सहज मिळाली असती. फक्त एकच शंका होती, ती मी विचारली. "स्टेशन लांब आहे का हो इथून?"

त्या दिवशी कोथिंबीर शेवटी सासरे घेऊन आले.

आता यात माझी काय चूक? डोंबिवलीत जन्मलेल्या माणसाची गाडी म्हणजे लोकल. गाडी चुकते, गाडी मिळते, गाडी लेट असते. माझ्या आजोळी, देवगडकडे, गाडी म्हणजे एसटी. तिथे गाडी "लागते", आणि गाडीत बसल्यावर प्रवाशालाही "लागते". पुण्यात गाडी म्हणजे स्कूटर, मोटरसायकल, जे काही दोन चाकांवर चालतं ते. मोटारीला इथे "फोर व्हीलर" म्हणतात, जरा अंतर राखूनच. मराठी मुलखात शब्द एकच, पण दर शंभर किलोमीटरला त्याची चाकं बदलतात.

दोन वर्षं नवऱ्याच्या मागे बसून आणि दोन वर्षं करोनात घरी बसून काढल्यावर २०२२ मध्ये माझं डेक्कनजवळचं ऑफिस पुन्हा सुरू झालं, आणि मला गाडी शिकणं भाग पडलं. खरं तर त्याच वर्षी ६ मार्चला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली होती. आमच्या कोथरूडच्या घरापासून ऑफिसपर्यंत जवळजवळ दारातून दारात. पण सासऱ्यांना ते पटेना. "मेट्रो चांगलीच आहे, मी बघून आलोय," ते म्हणाले. बघायला ते गाडीवरून गेले होते.

तर त्यांनीच मला शिकवायचं ठरवलं. सकाळी साडेसहाला गल्लीत. मी पुढे, ते मागे. सत्तरी ओलांडलेला माणूस, मागे बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून संथ आवाजात बोलायचा, जणू बँकेचा फॉर्म भरून घेतोय. माणूस कमालीचा शिस्तीचा. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. विजेचं बिल आल्या दिवशी भरलेलं. सोसायटीच्या सभेत कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर इतिवृत्तात नोंद करायला लावणारा. आणि याच माणसाने मला पहिल्या आठवड्यात जे ज्ञान दिलं ते असं.

"सिग्नल बघत बसायचं नाही. मामा बघायचा."

"कुठला मामा?"

"ट्रॅफिकचा. झाडामागे असतो. तो असेल तर लाल म्हणजे लाल. नसेल तर लाल म्हणजे डावी-उजवी बघून."

"आणि वन-वे?"

"वन-वे पाळायचे. फर्ग्युसनने जायचं, जंगली महाराजने यायचं. पण समज, लक्ष्मी रोडवर आपलं दुकान दहा पावलं मागे राहिलं. आता दहा पावलांसाठी अलका चौकापर्यंत जाऊन, कुमठेकरने परत फिरून येणार का? इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि ढकलत न्यायची. बंद गाडी हे वाहन नाही. सामान आहे."

हे त्यांनी इतक्या निर्मळपणे सांगितलं की मला मोटार वाहन कायद्यात तसं कलम असेल असंच वाटलं.

हेल्मेटचीही तीच तऱ्हा. ते कित्येक वर्षं आपखुशीने हेल्मेट घालत होते. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीची कारवाई सुरू केली आणि त्यांनी ते काढून माळ्यावर ठेवलं. "घालायला माझी कधीच ना नव्हती. पण 'घाला' म्हणायचं नाही."

एकदा धीर करून मी विचारलंच, "बाबा, तुम्हाला एवढी घाई कसली असते? निवृत्त होऊन दहा वर्षं झाली." गाडी तेव्हा कर्वे पुतळ्यापाशी होती. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी १९७७ साली चेतकसाठी नंबर लावला. पैसे भरून. स्कूटर मिळाली १९८४ला. कारखाना कुठे, तर आकुर्डीला. आकुर्डीहून सदाशिव पेठेत यायला तिला सात वर्षं लागली. आता मी सिग्नलला थांबायचं?"

ती चेतक अजून आहे, जिन्याखाली. रोज सकाळी तिला उजवीकडे कलती करून, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचलं असं मनाशी ठरवून, मग ते सरळ उभी करून किक मारतात. सातव्या-आठव्या किकला ती सुरू होते. तेवढा वेळ ते कुरकुर न करता देतात. ती रस्त्यावर आली की मात्र एक सेकंद नाही.

मला हे कळायलाच फार दिवस लागले. डोंबिवलीत आम्ही सदैव घाईत असतो, पण ती घाई घड्याळाची. माझी आठ तेराची ठरलेली होती. आठ चौदाला पोचलं तर गाडी गेलेली असते आणि तिथे वाद घालायला कुणीही नसतं. गाडीत शिरायला अर्धं मिनिट, त्यात खांदा आडवा घालायचा, पर्स पोटाशी धरायची, चौथ्या सीटवर टेकायचं. पण स्टेशनाबाहेर संध्याकाळी शेअर रिक्षाला हीच माणसं निमूट रांग लावतात. पन्नास माणसांची रांग, पाऊस, छत्र्यांच्या काड्या एकमेकांच्या डोळ्यांत, आणि तरी रांग.

पुण्यात उलटं. इथे कुणालाच कशाची घाई नाही. नळवाला "उद्या येतो" म्हणतो तेव्हा तो आठवड्याचं नावही सांगत नाही. ब्लाऊज शिवायला टाकला तर शिंपीकाका आधी कुठल्या लग्नासाठी, मुलगा काय करतो हे विचारून घेतात. असा हा निवांत गाव. फक्त हँडल हातात आलं की यांच्या अंगात डोंबिवलीची सकाळची गर्दी संचारते. पोचायचं कुठे हे नक्की नसतं. पुढच्या गाडीच्या पुढे, एवढंच नक्की असतं.

लायसन्सच्या परीक्षेत मी आठचा आकडा पाय न टेकवता काढला. त्यानंतर आयुष्यात आठ काढायची वेळ एकदाही आली नाही.

पहिल्यांदा एकटी निघाले तो सोमवार होता. नळ स्टॉपला उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला लाल लागला, सत्तर सेकंद. मी पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबले. आजूबाजूने गाड्या पुढे सरकत गेल्या आणि थोड्या वेळाने पट्टा, झेब्रा क्रॉसिंग आणि समोरच्या रस्त्याचा बराचसा भाग व्यापून उभ्या राहिल्या. पट्ट्यामागे मी एकटीच, लग्नातल्या फोटोत बाहेर राहिलेल्या नातेवाइकासारखी. मागून हॉर्न वाजला. मी आरशात पाहिलं. साठीच्या आसपासचे गृहस्थ, स्वेटर, पुढे पाय ठेवायच्या जागेत भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारा दुधी.

"ओ ताई, चला."

"लाल आहे," मी म्हणाले.

"ते माहितीये."

यावर काय बोलणार? आकडा चाळीसवर होता. ते शेजारी आले, माझ्याकडे एखाद्या जुन्या वास्तूकडे पाहावं तसं पाहिलं आणि समजावून सांगितलं, "मामा नाहीये." मग दुधी सांभाळत, दोन्ही बाजूंना व्यवस्थित बघून, पलीकडून येणाऱ्या बसला हात दाखवून ते निघून गेले. बस थांबली. मला वाटतं तिलाही सवय असावी.

मी सत्तरच्या सत्तर सेकंद थांबले. नवाचा आकडा लागताच पुढची सगळी सेना सुटली आणि शून्य झाल्यावर मी. ऑफिसशी पोचून गाडी लावली, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा प्यायला गेले, तर बाकावर तेच गृहस्थ. हेल्मेट आरशाला टांगलेलं, पेपर उघडा, चहा अर्धा. सुपारी कातरावी तशी एक-एक बातमी वाचत होते. दुपारपर्यंत उठायची काही चिन्हं नव्हती. मला पाहून त्यांनी पेपर किंचित खाली केला.

"काय, झाला का हिरवा?"

हे घरी सांगितलं तर सासऱ्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "गाडीचा नंबर बघितलास? चौदा असेल." एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड. रस्त्यात कुणीही आडवं आलं की ते आधी नंबर वाचतात. चौदा असेल तर झालंच. पाच असेल तर माझ्याकडे वळून, "तुमच्या कल्याणचा." आणि एमएच १२ निघाला, तर "बाहेरून आलेला असणार, गाडी इथे येऊन घेतली असेल." त्या दिवशीचा नंबर बाराच होता. मी सांगितलं नाही.

मेट्रोचा प्रयोगही मी एकदा करून पाहिला, गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून. जिन्यावरून धावत गेले, कारण फलाटाकडे जायचं तर धावतच जातात. पुढची गाडी यायला अवकाश होता आणि एक सुरक्षारक्षक काळजीने विचारायला आला, काही झालंय का. डब्यात शिरले तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या. तरीही सवयीने मी खिडकीजवळ बसलेल्या बाईंना विचारून गेले, "कुठे उतरणार?" लोकलमध्ये हा अत्यंत सभ्य प्रश्न आहे. उत्तरात बाई स्टेशन सांगते आणि ती जागा तुमच्या नावावर होते.

या बाईंनी पर्स जवळ ओढली आणि म्हणाल्या, "का?"

मी दुसऱ्या दिवशी गाडीवर परत आले.

गेल्या पावसाळ्यात नणंदेचे मिस्टर कोल्हापूरहून मोटारीने आले. सातारा रस्त्याने चांदणी चौकापर्यंत सुखरूप, पुढे गायब. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. सासरे टीव्हीसमोर जागे होते. पूल एका दणक्यात पडलाच नाही, उरलेला पोकलेन लावून पाडावा लागला. "पुण्यातला पूल आहे," सासरे अभिमानाने म्हणाले होते, "कुणी म्हटलं म्हणून लगेच पडणार नाही." त्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल आणि रस्त्यांचं एवढं मोठं जाळं खुलं झालं की कोथरूडला यायचं म्हणून माणूस वर चढतो आणि भलत्याच गावी उतरतो. पाहुणे दीड तासाने दारात आले ते घामाघूम.

"वैनी, चारदा फिरलो. वर चढलं की बालेवाडी, खाली उतरलं की वारजं. इचारावं म्हणून थांबलो, तर कोण थांबंना. आमच्यात गाडी नुसती हळू केली तरी चार माणसं येत्यात, कुठं जायचंय पावनं म्हणत. आणि हितं हॉर्न मारत्यात, पर भांडत न्हाईत. नुसती मान हालवत्यात. त्यापरीस शिवी दिलेली बरी की."

मान हलवण्याबद्दल त्यांचं अगदी बरोबर होतं. पण त्यांच्याही गावचं मी पाहिलंय. दिवाळीत महाद्वार रोडवर समोरून मित्र दिसला म्हणून यांनी मोटार रस्त्याच्या मधोमध उभी केली आणि काच खाली करून उसाच्या दरावर बोलायला लागले. मागे गाड्या लागल्या. मी सीटवर अवघडून बसले होते. मागच्या मोटारीतून एक जण उतरला, तरातरा आमच्याकडे आला. आता होतंय भांडण, असं मला वाटलं. त्याने दारावर हात टेकला आणि त्याच्याकडच्या कारखान्याने काय दर दिला ते सांगायला लागला.

सासऱ्यांनी पाहुण्यांची कथा शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "तुमचा नंबर काय? नऊ ना? मग बरोबर."

परवा दोन दिवस भावाकडे ठाण्याला गेले होते. तो मला स्कूटरवर स्टेशनला सोडायला निघाला. तीन हात नाक्याला लाल लागला. भाऊ थांबला, एक पाय टेकला, इंजिन बंद केलं आणि चक्क मोबाईलवर लोकलची वेळ बघायला लागला. आकडा नव्वदच्या पुढे. मी मागे बसून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, झाडामागेही पाहिलं. डाव्या अंगाला रिक्षा आणि टेम्पोच्या मधे स्कूटर जाईल एवढी स्वच्छ फट होती. ती तशीच वाया चालली होती.

शेवटी मी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "अरे, जा ना. मामा नाहीये."

त्याने वळून पाहिलं. "कुठला मामा? देवगडचा की बदलापूरचा?"