वाइन राहू दे, बोअर किती फूट?

आपल्याकडचं कुणी अमेरिकेत आलं आणि वाइनचा विषय निघाला की गाडी थेट कॅलिफोर्नियातल्या नापाला वळते. माझं ऐकाल तर ॲरिझोनात विलकॉक्सला जा. टूसॉनहून सव्वा-दीड तास. वाटेत टेक्सस कॅनियन लागतं (नाव टेक्सस, पण आहे ॲरिझोनातच). ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकावर एक, आत्ता घरंगळतील असे.

ऑगस्टमध्ये आप्पांना घेऊन तिथल्या एका वायनरीत गेलो. वडलांचं उभं आयुष्य पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेत गेलं, पण वाइनचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. आम्ही आत ग्रेनाश, सिरा चाखतोय (गाडी माझ्याकडे, म्हणून मी घोट घेऊन थुंकतोय) आणि हे बाहेर वेलीच्या बुडाशी उकिडवे. ठिबकची नळी उचलून पाहिली, माती चिमटीत चुरली, एक मणी तोंडात टाकला. "जाड साल, आत बियाच बिया. आपल्याकडं व्यापारी बांधावरूनच परत गेला असता!"

मालक म्हणाला, वाइनला तीच साल लागते. जमीन चार हजार फुटांच्या वर, त्यामुळे दिवसा ऊन भाजतं नि रात्री गारवा. गोडी भरते तरी आंबटपणा टिकतो. जुलैपासून पाऊस, त्याला तिथेही मान्सूनच म्हणतात, आणि तोडणी नेमकी त्यातच. हे सांगितल्यावर आप्पा हसले. "म्हंजे इथंबी घास तोंडाशी आल्यावरच!"

मग विचारलं, "बोअर किती फूट?"

मालक जरा थांबला. या खोऱ्यात उपसा इतका झालाय की जमिनीला भेगा पडल्यात, लोकांच्या घरच्या विहिरी आटल्यात. बरीच वर्षं शेतीच्या उपशाला धरबंध नव्हता. २०२४ च्या डिसेंबरात कुठे राज्याने खोरं नियंत्रणाखाली घेतलं. 'वाळवंटात कसली वाइन' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी शेजारची लसूणघासाची हिरवीगार शेतं बघावीत. द्राक्षाहून कितीतरी जास्त पाणी पितात ती. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चाखायच्या कार्डावर ऊन, माती, उंची सगळ्याचं कौतुक, पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी चिरिकाहुआला, तिथले दगडी सुळके बघायला गेलो. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडून घट्ट झाली, ती झिजून उरलेले हे सुळके. इथले मूळचे अपाची लोक याला उभ्या दगडांचा प्रदेश म्हणत. मसाई पॉइंटला पोचलो तर ढग दाटलेले, टपोरे थेंब सुरू. आम्ही फोटोंच्या घाईत. आप्पा कठड्याला धरून खाली बघत होते.

"एवढा दगड हाय, तर पाणी मुरतं कुठं रे?"