काडेपेटीतला पुरावा
कातडीत किडे असल्याच्या भ्रमावरच्या एका लेखात ‘घरच्यांनी समजूत घालावी’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. समजुतीनं जाईल तो भ्रम कसला! आमच्या शेजारच्या काकू काडेपेटीत खपल्या न् कपड्यांचे धागे जपून डॉक्टरांपुढे ठेवायच्या; ‘यात किडा नाही’ म्हटलं की डॉक्टरच बदलायच्या. खरूज, बी-१२ची कमतरता, थायरॉइड हे आधी तपासायलाच हवं. मग वाद नको, आणि हो ला हो करून पेस्ट कंट्रोलही नको. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ एकबोम यांनी १९३८ साली या आजाराचं वर्णन केलं. आज रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारावरची गोळी कमी मात्रेतही अनेकांना लागू पडते. काकूंनी ती घेतली, कारण दिली त्वचेच्या डॉक्टरांनी. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं असतं तर तडक उठून गेल्या असत्या.