केकचा साचा आणि मोबाइलची चिप एकाच पदार्थाची नसते

‘केकचे लवचीक साचे चिपमधल्याच सिलिकॉनचे असतात. वाळूपासून बनतात, म्हणजे नैसर्गिक. कितीही तापवा, काही सुटत नाही. पिळल्यावर पांढरी रेघ उमटली तर भेसळ.’ असा मेसेज फिरतो आहे. यातलं एकही विधान जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

चिपमधलं सिलिकॉन हे १४ अणुक्रमांकाचं मूलद्रव्य: राखाडी, चकचकीत, ठिसूळ, १४१४ अंश सेल्सिअसला वितळणारं. साचा असतो सिलिकोनचा (‘कॉन’ नव्हे, ‘कोन’). त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू आलटून-पालटून जोडलेले असतात आणि या लांब साखळीला बाजूंनी मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) लागलेले असतात. लवचीकपणा येतो तो या साखळीमुळे.

वाळूचं म्हणाल, तर सुरुवात क्वार्ट्झपासून (वाळूतल्या खनिजापासून) होते हे खरं. पण त्यातून सिलिकॉन वेगळं काढून, पुढे तांब्याच्या उत्प्रेरकासोबत त्यावर सुमारे ३०० अंशांना मिथाइल क्लोराइड वायू सोडावा लागतो. १९४०च्या सुमारास अमेरिकेत युजीन रोचो आणि जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे शोधली. निसर्गात सिलिकोन सापडत नाही.

‘कितीही तापवा’ हा सगळ्यांत घातक सल्ला. बहुतेक साच्यांची मर्यादा २२० ते २३० अंश असते. ओटीजीची (घरगुती छोट्या ओव्हनची) डायल २०० वर असली तरी रॉडलगतची कड त्याहून बरीच जास्त तापते. साचा ट्रेवर ठेवून मधल्या कप्प्यात, रॉडपासून लांब ठेवा. ग्रिल मोडवर किंवा गॅसच्या आचेवर कधीच नको.

सुटण्याबद्दल: कारखान्यात नीट भाजून पक्कं न केलेल्या सिलिकोनमध्ये लहान सायलॉक्सेन रेणू (त्याच सिलिकॉन-ऑक्सिजन साखळीचे छोटे तुकडे) शिल्लक राहतात. उष्णता आणि लोणी-तूप मिळालं की ते पदार्थात उतरतात. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेच्या शिफारशीनुसार २०० अंशांवर ४ तास तापवून वजनातली घट ०.५ टक्क्याच्या आत हवी. घरी एवढं करावं: नवा साचा साबणाने धुऊन, कोरडा करून, पाकिटावरची मर्यादा पाहून रिकामाच २०० अंशांना तापवावा, खिडक्या उघड्या ठेवून. उग्र वास गेला नाही तर तो साचा वापरू नये.

पांढऱ्या रेघेवरून काहीच ठरत नाही. सिलिकोन रबराला बळकटी यावी म्हणून त्यात बारीक सिलिका घालावीच लागते, आणि रेघ रंगावर, जाडीवरही अवलंबून असते. शंका असेल तर कडेची बारीक कात्रण चिमट्यात धरून मोकळ्या हवेत पेटवा. सिलिकोन वितळून ठिबकत नाही, मागे पांढरी राख राहते. प्लॅस्टिक बहुधा वितळून ठिबकतं किंवा काळा धूर सोडतं. अर्थात, यातून पदार्थ कळतो. तो अन्नासाठी योग्य दर्जाचा आहे का, हे कळत नाही.